बारीक टाइपातल्या चार ओळी

ते पुस्तक मी निवडलं होतं. इतरांचे दोष पुढे येतीलच आणि ते मी सौम्य करून सांगणार नाही. पण महत्त्वाची गोष्ट आधी सांगावी, अशी माझ्या कामाची रीत आहे, म्हणून हे वर घेतलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. नागपूरच्या एका दैनिकात तीन वर्षं उपसंपादकी करून मी यवतमाळला परत आलो होतो आणि एका साप्ताहिकात काम करत होतो. राळेगाव, घाटंजी, केळापूरहून बातमीदारांची पत्रं यायची. कोणी पुलाच्या उद्घाटनावर सहा पानं लिहायचा आणि शेवटची दोन पानं हार घालणाऱ्यांच्या नावांनी भरायचा. मी ती कापायचो. खालून कापायचो. नागपूरला पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं गेलं होतं की जागा कमी पडली तर बातमी खालून कापावी, कारण कामाचं सगळं वर असतं आणि तळाशी गाळ बसतो. तीन वर्षांत हात इतका तयार झाला होता की तळाचा मजकूर न वाचताही मी त्यावर काट मारत असे.

दर बुधवारी घाटंजीच्या एसटीनं मौलवीसाहेब यायचे. सरकारी हायस्कुलात त्यांनी तीस वर्षं फारसी शिकवली होती. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे, मी संस्कृतचा. पण दोन्ही वर्गांच्या मधे बांबूच्या तट्ट्याची भिंत होती आणि आमची पाठांतरं एकमेकांत मिसळत. पुढे फारसी घेणारी मुलं कमी होत गेली. शेवटच्या वर्षी दोन होती. मौलवीसाहेब निवृत्त झाले आणि ती जागा भरली गेली नाही. बुधवारी ते सार्वजनिक वाचनालयात बसून आठवड्याची उर्दू वर्तमानपत्रं वाचत आणि मग आमच्या कचेरीत चहाला येत. दारातूनच विचारत, "काय संपादक, आज कोनाकोनाले कापलं?"

त्या बुधवारी त्यांनी चहाच्या आधी खिशातून पासपोर्ट काढला. नवा कोरा होता.

"कुठं चालले मौलवीसाहेब?"

"अबादान."

मला ते नाव नकाशातून माहीत होतं. इराणात, आखाताच्या तोंडाशी, तेल शुद्ध करण्याचा मोठा कारखाना. मौलवीसाहेबांचा धाकटा भाऊ घाटंजीच्या जिनिंगमधे फिटर होता. दुसरं महायुद्ध चालू असताना तिकडे कारागिरांची भरती झाली, तसा तोही गेला. तीन वर्षांनी तापानं वारला. त्याच्याबरोबरच्या एका पंजाबी फिटरनं उर्दूतून पत्र पाठवलं होतं. मौलवीसाहेबांनी ते मला वाचून दाखवलं: कामगारांच्या कब्रस्तानात, भिंतीकडून तिसरी रांग, दगड मिळाला नाही म्हणून आम्ही लोखंडी पत्र्यावर छिन्नीनं नाव कोरून लावलं आहे.

"मीच धाडला त्याले," ते म्हणाले. "तो नाई म्हनत होता. मी म्हटलं, अबे, तुले फारसी येते, तू परका कसा होशीन तिथं? त्याले फारसी मीच शिकवली होती ना. आता तो पत्रा गंजला असन. गंजून खाली पडाच्या आधी एकडाव पाहून येतो. फातेहा वाचतो. बस."

तयारी त्यांनी पुष्कळ केली होती. मुंबईहून आगबोट, डेकचं तिकीट, खोर्रमशहरला उतरायचं. तिथून अबादान मोटारीनं तासाभराच्या आत. बोट पुढे बसऱ्याला जाऊन शनिवारी सकाळी परत खोर्रमशहरला यायची, तिच्यावरच चढून परतायचं. त्यांना हवं होतं ते एक पुस्तक. कुठे उतरावं, कुठे विचारावं, कोणती मोटार कुठून सुटते, हे सांगणारं.

"पुस्तकं निवडनं तुह्यं काम हाय," ते म्हणाले. हे खरं होतं. वाचनालयाच्या पुस्तक-निवड समितीवर मी होतो.

मी नागपूरच्या पुस्तकविक्रेत्याला लिहिलं. तो वाचनालयांना पसंतीसाठी गठ्ठा पाठवत असे: पसंत पडेल ते ठेवा, बाकीचं परत करा. इराणवरची तीन पुस्तकं आली. मौलवीसाहेब वाचनालयाच्या लांब टेबलापाशी बसले आणि मी एकेक उघडून त्यांना सांगू लागलो, कारण तिन्ही इंग्रजीत होती आणि त्यांची इंग्रजी पाट्या वाचण्यापुरती होती.

त्यांची कसोटी एकच होती.

"ह्याच्यात कब्रस्तान हाय का?"

पहिलं नवं होतं, गुळगुळीत कागदाचं. गालिचे, राजवाडे, मशिदींचे निळे घुमट. अबादानचं नावही नव्हतं. दुसरं युरोपातून मोटारीनं हिंदुस्थानात येणाऱ्या लोकांसाठी होतं. त्याचा रस्ता डोंगरातून जात होता, आखाताकडे ते फिरकलंच नव्हतं. तिसरं जुनं, जाडजूड, हिरव्या कापडी बांधणीचं, पूर्वी कोणाच्या तरी मालकीचं. आखाताच्या बंदरांवर त्यात सहा प्रकरणं होती. मी अबादानचा नकाशा उघडला. कारखान्याच्या मागे एका चौकोनावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: कब्रस्तान, कामगारांचं.

मौलवीसाहेबांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"हेच," मी म्हटलं. "हेच घ्या."

ते विकत घ्यायला तयार होते. पण वाचनालयाचे चिटणीस, गावातले एक वकील, त्याच वेळी कोर्टातून आले. त्यांनी तिसरं पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं.

"कोन चाल्लं इराणले?"

"मी," मौलवीसाहेब म्हणाले.

"थेट? का मधात कराचीले उतरनार? बोट थांबते म्हने तिथं." आणि मग हसून, "परत येनार ना मौलवीसाहेब? आपलं सहज इचारलं."

मी खुर्चीवरून उठलो. मौलवीसाहेबांनी टेबलाखालून माझं धोतर धरलं.

"यावंच लागन वकीलसाहेब," ते म्हणाले. "घाटंजीत म्हैस हाय माह्यी. माह्या हाताबिगर दूध देत नाई."

वकीलसाहेब मोठ्यानं हसले. मग त्यांनी सांगितलं की गठ्ठा वाचनालयाच्या नावानं आला आहे, तेव्हा पुस्तक वाचनालयच ठेवेल. पुढच्या महिन्यात तपासणी होती आणि संदर्भ विभागात पुस्तकं कमी दिसत होती. दुसऱ्या दिवशी हिरव्या पुस्तकावर ‘संदर्भ’ असा शिक्का पडला. संदर्भाचं पुस्तक इमारतीबाहेर जात नसे. ते कुलपाच्या कपाटात राही, आणि किल्ली वकीलसाहेबांच्या कोटाच्या खिशात. ते कोर्टातून चारनंतर येत. वाचनालय साडेसहाला बंद होई.

मी त्यांच्याशी भांडलो. एका माणसाला सहा आठवडे पुस्तक द्या, लेखी हमी मी देतो, असं म्हटलं. ते म्हणाले, "नियम तुमीच तं छापला होता ना बा तुमच्या पेपरात? वाचकांनी नियम पाळावे म्हनून?" छापला होता. मी दुसरी प्रत मागवली. विक्रेत्यानं कळवलं की पुस्तक आता छापत नाहीत. ही एकच, जुन्या पुस्तकांतली होती.

बोटीला पंधरा दिवस होते. मुंबईचा प्रवास आणि तिथली धावपळ वजा जाता माझ्या हातात अकरा संध्याकाळी उरल्या. मी मौलवीसाहेबांना म्हटलं, मी ती सहा प्रकरणं मराठीत उतरवून देतो. दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर टाक ओढून मोठ्या अक्षरात लिहिलं: इराणच्या आखातातील बंदरे, प्रवाशांकरिता. संक्षिप्त मराठी अनुवाद. त्याखाली माझं पूर्ण नाव, पदवीसकट.

रोज चारला मी वाचनालयात जाऊन बसायचो. वकीलसाहेब कधी साडेचारला येत, कधी पाचला. एकदा सव्वापाचला आले, आल्यावर आधी पान लावलं, मग किल्ली शोधली. "घाई कायची? इराण काई पळून नाई चाल्लं." शिपाई माझ्याकडे पाहत नसे. मी लिहायला बसेपर्यंत मुठी वळलेल्या असत आणि पहिल्या पाच ओळींचं अक्षर आज पाहिलं तरी वेगळं दिसेल.

आणि मग ते पुस्तक. लेखक इंग्रज होता आणि तो ज्या प्रवाशाशी बोलत होता तो दुसरा इंग्रज होता. स्थानिक माणसाच्या शपथेवर विसंबू नये. आवाज चढवला की काम होतं. बंदराच्या अमुक भागात हिंदी कारकून आणि खलाशी दाटीनं राहतात, तिकडे जाण्याचं कारण नाही. हे मी वाचत होतो त्याच्या पलीकडे, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, एक हिंदी माणूस उर्दू वर्तमानपत्र वाचत बसला होता, आणि त्याला त्या दाटीतच उतरायचं होतं. ते वाक्य मी अनुवादात उलटं केलं: अमुक भागात आपल्याकडचे लोक राहतात, तिथे चौकशी करावी. तेवढं मी बरोबर केलं.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी बारीक टाइपात टिपा होत्या. पहिल्या प्रकरणाच्या टिपा मी पूर्ण वाचल्या. गोल्फ क्लबाचं तात्पुरतं सभासदत्व. तितर मारण्याच्या बंदुकीचा परवाना. स्वयंपाकी ठेवल्यास त्याच्या चोऱ्यांकडे किती कानाडोळा करावा. दुसऱ्या प्रकरणाच्या टिपांत टेनिस होतं आणि कुत्रा बरोबर न्यायचा असल्यास काय करावं ते. मी पेन खाली ठेवलं. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. परत येऊन ठरवलं की ह्या टिपांतला एकही शब्द ह्या वहीत येणार नाही. रागाला एक न्याय्य कारण मिळालं होतं आणि वेळही वाचणार होता. तिसऱ्या प्रकरणापासून बारीक टाइप दिसला की मी पान उलटत होतो. अबादान पाचवं होतं.

अकराव्या संध्याकाळी वही पुरी झाली. नकाशाही काढला, चौकोन लाल शाईनं रंगवला. मौलवीसाहेबांनी वही चाळली, दोन ठिकाणी माझे उच्चार सुधारले आणि म्हणाले, "सुंदर केलं बेटा. एक शब्द फालतू नाई."

ते सात आठवड्यांनी परत आले. बुधवार होता. कचेरीच्या दारात उभे राहून त्यांनी कोणाला कापलं ते विचारलं नाही. आत येऊन बसले आणि आधी बोटीवरच्या उलट्यांचं सांगितलं, मग खोर्रमशहरच्या चहाचं.

"तिथले लोक माह्यी फारसी ऐकून उभे राहत. एक म्हातारा म्हने, आगा, असं तं माहा आजा बोले. मले वाटलं, वा, तारीफ करून राह्यला. मग त्यानं नातवाले बोलावलं, म्हने ऐक ऐक, अन् दोघंबी हसले."

"अन् कब्रस्तान?"

त्यांनी सरळ सांगितलं, मधे न थांबता. बोट सोमवारी संध्याकाळी लागली. कबरीवर जायचं ते जुमेरातीला, गुरुवारी. घाटंजीतही ते आईवडिलांच्या कबरीवर गुरुवारीच जात. अठरा वर्षांनी जायचं तर दिवस बरोबर असावा. म्हणून मंगळवार आणि बुधवार ते खोर्रमशहरलाच थांबले, आपल्याकडच्या लोकांच्या वस्तीत, एका चहाच्या दुकानावर. गुरुवारी सकाळी अबादानला गेले. माझ्या नकाशावरून चालत गेले, एकदाही कोणाला विचारावं लागलं नाही. लाल चौकोन जिथे होता तिथेच होता. पण त्याच्याभोवती तारेचं कुंपण होतं आणि फाटकावर पहारेकरी. त्यानं कागद मागितला.

"कायचा कागद?"

"परवान्याचा. हे सगळं कारखान्याच्या आतलं म्हनते ते. परवाना कुठं भेटते? तं खोर्रमशहरले. कुठं? तं अमुक रस्त्यावर. अरे, त्याच रस्त्यावर मी दोन दिवस चहा पीत बसलो होतो. दुकानातून ती कचेरी दिसे. पयतच मोटारीकडे गेलो. खोर्रमशहरले पोचेस्तोर दुपार झाली. जुमेरातीले अर्धा दिवस, शुक्रवारी बंद. शनिवारी सकाळी बोट."

"पहारेकऱ्यानं—"

"तो भला होता. शुक्रवारी पुन्हा गेलो त्याच्याकडे. पाणी देल्लं. म्हने, आत सोडलं तं माही नोकरी जाईन. मी तिसरी रांग मोजली बाहेरून. भिंत दिसे, पत्रा नाई दिसला. तारेतूनच फातेहा वाचली." मग त्यांनी बशी पालथी केली, सरळ केली. "नशिबात नसन. कोनाले मालूम तिथं कागद लागते म्हनून?"

ते गेल्यावर मी वाचनालयात गेलो. चार वाजले नव्हते. वकीलसाहेब येईपर्यंत मी कपाटासमोर उभा राहिलो. किल्ली मिळाल्यावर हिरवं पुस्तक उघडलं, पाचवं प्रकरण, शेवटचं पान. बारीक टाइप. घोड्यांच्या शर्यती. मासे पकडण्याचा परवाना. आणि सगळ्यात तळाशी चार ओळी: कामगारांचं कब्रस्तान कारखान्याच्या कुंपणाच्या आत असून तिथे जाण्यासाठी खोर्रमशहर येथील कचेरीतून आधी परवाना घ्यावा लागतो, परवाना अर्ज केल्या दिवशीच मिळतो, गुरुवारी दुपारनंतर आणि शुक्रवारी कचेरी बंद असते.

वकीलसाहेब मागे उभे होते. "भेटलं का बा तुमचं इराण?"

त्या माणसावर मी आयुष्यभर रागावलो असतो आणि ते योग्यच ठरलं असतं. त्यानं पुस्तक दिलं असतं तर मौलवीसाहेबांनी चहाच्या दुकानात कोणाकडून तरी ते वाचून घेतलं असतं. पण त्या क्षणी मला त्याच्याकडे वळून पाहताही आलं नाही. अकरा संध्याकाळी हे पुस्तक माझ्यासमोर उघडं पडलं होतं. किल्ली कोणाच्याही खिशात असो, डोळे माझे होते.

त्यांना हे सांगूच नये असंही मला मधल्या दिवसांत वाटलं. नशिबात नसन, असं ते म्हणाले होते. तेवढ्यावर ते जगले असते. हा विचार मी दोन दिवस केला, हेही इथे नोंदवतो.

बुधवारी मी त्यांना म्हटलं, "वही आहे का बरोबर?" ती त्यांच्या पिशवीतच असते, हे मी मागच्या बुधवारी पाहिलं होतं. त्यांनी पिशवीतून काढली. मी त्या चार ओळींचा मराठी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"हे पुस्तकात होतं. पाचव्या प्रकरणाच्या खाली. मी वाचलं नाही. टिपा साहेबलोकांसाठी आहेत असं समजून मी त्या सगळ्या वगळल्या."

त्यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. मी त्यांना हायस्कुलापासून ओळखत होतो आणि तट्ट्याच्या भिंतीपलीकडूनही त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. आजही तो चढला नाही. पण मला ते नेहमी ‘तू’ म्हणत, ते त्या दिवशी म्हणाले नाहीत.

"तुमी वकिलावर रागावले. मले दिसत होतं. त्या लिवनाऱ्या साहेबावर रागावले. तो मेलाबी असन कुठंतरी. तुमचा राग त्याच्यापर्यंत गेला का? नाई गेला. माह्यापर्यंत आला. मले राग नोता पाह्यजे संपादकसाहेब. मले रस्ता पाह्यजे होता."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"मी म्हटलं होतं, एक शब्द फालतू नाई," ते पुढे म्हणाले. "मास्तर हावो मी. तीस वर्षं पोरायचे पेपर तपासले. मलेबी नाई दिसलं का काई राह्यलं म्हनून." मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "लिवा ह्याच्यात."

मी पाचव्या प्रकरणाचा शेवट काढला. तिथे दोन बोटं जागा होती.

"तिथं नाई. खाली लिवलेलं कोनी वाचत नाई. वर लिवा. पयल्या पानावर."

पहिल्या पानावर पुस्तकाचं शीर्षक होतं आणि त्याखाली, ठसठशीत, माझं नाव. त्यांनी ते खोडायला सांगितलं नाही. मी खोडलं. शीर्षकाच्याही वर, बारीक नव्हे, शीर्षकाएवढ्याच अक्षरात त्या चार ओळी लिहिल्या.

शाई वाळेपर्यंत ते वही उघडी धरून बसले.

"बहिनीचा पोरगा हाय," ते म्हणाले. "मॅट्रिकले बसला. मी काई आता जात नाई. त्याले धाडीन कधी तं त्याले ही देतो. त्यानं वही उघडली का त्याले पयले हे दिसलं पाह्यजे."

पान वाळलं का ते त्यांनी करंगळीनं पाहिलं, वही मिटली, पिशवीत ठेवली आणि घाटंजीची गाडी लागली असेल म्हणून उठले.